बिशप कोठून आणायचा? ओल्ड कॅथलिक चर्चविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पहिल्या व्हॅटिकन परिषदेवर (१८६९-७०) टिपण होते. या परिषदेने पोपच्या अचूकत्वाचा सिद्धान्त जाहीर केला. तो न पटल्याने जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातील काही कॅथलिक वेगळे झाले आणि ‘ओल्ड कॅथलिक’ या नावाने त्यांचे चर्च उभे राहिले. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

‘पोप कधीच चुकत नाही’ असे १८७० मध्ये ठरले, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे का? – वसई

नाही. १८ जुलै १८७० च्या ‘पास्तोर एतेर्नुस’ या घोषणापत्रात अटी स्पष्ट आहेत. पोप साऱ्या ख्रिस्ती जनांचा पाळक आणि शिक्षक या नात्याने बोलत असला पाहिजे, त्याने आपला सर्वोच्च प्रेषितीय (येशूच्या प्रेषितांकडून चालत आलेला) अधिकार वापरला पाहिजे, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, आणि तो निर्णय संपूर्ण चर्चवर बंधनकारक म्हणून दिलेला हवा. या चौकटीबाहेरचे पोपचे बोलणे, लिहिणे, राजकारण यांना हा सिद्धान्त लागू नाही. १८७० नंतर उघडपणे या अधिकारात झालेली घोषणा एकच : १९५० मधील मरियेच्या स्वर्गोन्नयनाची.

मग एवढा विरोध कशाला? कारण पुढच्या एका वाक्यात आहे. असे निर्णय ‘स्वतःहून, चर्चच्या संमतीमुळे नव्हे’ अंतिम ठरतात, असे घोषणापत्र म्हणते. तोवर पुष्कळ बिशप आणि विद्वान असे मानत होते की सिद्धान्त ठरतो तो सर्व बिशपांच्या एकमताने आणि विश्वपरिषदेतून, म्हणजे साऱ्या चर्चच्या बिशपांच्या सभेतून. पोप त्यात प्रमुख, पण एकटा नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आणखी एक अडचण होती. पोप पहिला होनोरियस (६२५-६३८) याला ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील विश्वपरिषदेने, त्याने लिहिलेल्या एका पत्रामुळे, पाखंडाच्या आरोपावरून मरणोत्तर दोषी ठरवले होते. होनोरियसने ते पत्र सर्व चर्चला बंधनकारक म्हणून लिहिले नव्हते, असे समर्थकांचे उत्तर. ते तर्काला धरून आहे, पण विरोधकांना ते पुरेसे वाटले नाही.

घोषणापत्राच्या तिसऱ्या प्रकरणाकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यानुसार पोपला प्रत्येक धर्मप्रांतावर (बिशपाच्या अखत्यारीतील प्रदेशावर), प्रत्येक धर्मगुरूवर आणि प्रत्येक श्रद्धावंतावर थेट अधिकार आहे. आमच्या मते रोजच्या कारभारावर अचूकत्वापेक्षा याच प्रकरणाचा परिणाम मोठा झाला. ओल्ड कॅथलिकांचा आक्षेप दोन्हींवर होता.

परिषदेत विरोध करणाऱ्या बिशपांचे काय झाले? त्यांनीच नेतृत्व का केले नाही? – पुणे

१३ जुलैच्या चाचणी मतदानात ४५१ जणांनी होकार दिला, ८८ जणांनी नकार आणि ६२ जणांनी दुरुस्तीच्या अटीवर होकार. पोपच्या उपस्थितीत त्याच्याविरुद्ध मत द्यायला लागू नये म्हणून अंतिम मतदानाआधी बहुतेक विरोधक रोम सोडून निघून गेले. १८ जुलैला ५३३ विरुद्ध २ असा निकाल लागला. ते दोघेही त्याच दिवशी शरण गेले. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम घेतले. परिषद स्थगित झाली, ती पुन्हा भरलीच नाही.

घरी परतलेल्या बिशपांना चर्च दुभंगू द्यायचे नव्हते. रोटेनबुर्गचे हेफेले हे परिषदांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. होनोरियसचे प्रकरण त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. त्यांनीही एप्रिल १८७१ मध्ये आपल्या धर्मप्रांतात निर्णय प्रसिद्ध केला. दियाकोवोचे स्ट्रॉसमायर शेवटी वळलेल्यांपैकी. विरोधी गटात एकही बिशप उरला नाही. पुढची सारी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघाली.

एक सिद्धान्त पटला नाही म्हणून सामान्य माणूस आपले चर्च कशाला सोडेल? – अहिल्यानगर

बहुतेकांनी सोडले नाही. जे गेले त्यांतील पुष्कळांना बाहेर ढकलले गेले, असे कागदपत्रांवरून दिसते. हा क्रम समजून घेण्यासारखा आहे.

पहिला दबाव आला तो धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांवर. बिशपांनी त्यांच्याकडे नवा सिद्धान्त मान्य असल्याचे लेखी मागितले. म्युनिकचे इतिहासकार इग्नाझ फॉन ड्योलिंगर यांनी २८ मार्च १८७१ रोजी आर्चबिशपांना कळवले की ख्रिस्ती म्हणून, धर्मशास्त्रज्ञ म्हणून, इतिहासकार म्हणून आणि नागरिक म्हणून आपण हा सिद्धान्त स्वीकारू शकत नाही. एप्रिलमध्ये त्यांच्यावर धर्मबहिष्कार पडला. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. त्यांनी या बहिष्काराला कधी न्याय्य मानले नाही, पण मिस्सा अर्पण करणे त्या दिवसापासून थांबवले.

दुसरा टप्पा प्रापंचिकांचा, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य सदस्यांचा. निषेधाच्या निवेदनावर सही केली म्हणून पापनिवेदन ऐकायला नकार, लग्न लावायला नकार, मृताला चर्चचा दफनविधी नाकारणे, असे प्रकार सुरू झाले. १८७१ च्या जूनमध्ये म्युनिकमधील एका वृद्ध प्राध्यापकाला मरणशय्येवर अंतिम संस्कार नाकारला गेला. तेव्हा म्युनिकचेच प्राध्यापक आणि धर्मगुरू, स्वतः बहिष्कृत असलेले योहान फ्रीडरिश यांनी तो दिला. इथून गोष्ट विद्यापीठाच्या भिंतींबाहेर पडली. निषेध करणाऱ्या माणसालाही मूल होते, मुलीचे लग्न ठरते, घरात मरण येते. संस्कार कोण देणार, या प्रश्नाला उत्तर नसलेली चळवळ दोन वर्षांत विरून जाते, आणि उत्तर द्यायचे तर चर्च उभारावे लागते.

वेगळे चर्च प्रत्यक्षात उभे कसे केले? कोणकोणत्या गोष्टी लागल्या? – मुंबई

२२ ते २४ सप्टेंबर १८७१ रोजी म्युनिकमध्ये पहिले अधिवेशन झाले. प्रागचे धर्मविधिज्ञ योहान फ्रीडरिश फॉन शुल्ट यांनी आग्रह धरला की जिथे गरज आहे तिथे वेगळे धर्मग्राम (पॅरिश) उभारावेत. ड्योलिंगर यांनी विरोध केला. वेदीसमोर दुसरी वेदी मांडू नका, असे त्यांचे सांगणे होते. आपण कॅथलिक चर्चमध्येच आहोत, अन्याय आपल्यावर झाला आहे, आणि वेगळी रचना केली की आपण एक पंथ होऊन बसू, अशी त्यांची भूमिका. अधिवेशनाने शुल्ट यांचे ऐकले. ड्योलिंगर मित्र राहिले, सल्ला देत राहिले, पण १८९० मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्या चर्चचे रीतसर सदस्य झाले नाहीत. आमचे मत विचाराल तर तत्त्वात ड्योलिंगर बरोबर होते आणि व्यवहारात शुल्ट. मरणाऱ्या माणसाला थांबायला सांगता येत नाही.

धर्मगुरू थोडे तरी होते. पण बिशपाशिवाय तीन गोष्टी अडतात. नव्या धर्मगुरूंना गुरुदीक्षा देता येत नाही, म्हणजे आहेत ते म्हातारे झाले की संपले. मुलांचा दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार खोळंबतो. आणि पवित्र गुरुवारी बिशपाने आशीर्वादित करायची तेले मिळत नाहीत. १८७२ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधील उत्रेख्तचे, रोमपासून आधीच वेगळे असलेल्या चर्चचे आर्चबिशप हेन्रिकुस लोस यांनी बव्हेरियात फिरून मुलांना दृढीकरण दिले. तेवढ्यापुरते भागले.

कायमचा उपाय १८७३ मध्ये झाला. ४ जून रोजी कोलोन येथे धर्मगुरू आणि प्रापंचिक प्रतिनिधी यांनी मिळून ब्रेस्लाऊचे प्राध्यापक योसेफ हुबर्ट राइनकेन्स यांना बिशप म्हणून निवडले. त्यांचा अभिषेक लोस यांनी करायचा, असे ठरले होते. नेमके त्याच दिवशी लोस वारले. मग त्याच डच चर्चचे, देव्हेंटरचे बिशप हर्मन हेयकाम्प यांनी ११ ऑगस्ट १८७३ रोजी रॉटरडॅममध्ये अभिषेक केला.

त्यानंतर सरकारी मान्यता. त्या काळच्या जर्मनीत शासनमान्य बिशप नसेल तर नोंदवह्या, शाळेतील धर्मशिक्षण, दफनभूमी, धर्मगुरूंचा पगार, सगळेच लटकते. प्रशिया, बाडेन आणि हेसे यांनी राइनकेन्स यांना मान्यता दिली, बव्हेरियाने नाकारली. चळवळ जिथे सुरू झाली त्याच राज्यात तिला कायम अडचण राहिली.

शेवटी घटना. १८७४ मध्ये बॉन येथे पहिली सिनड म्हणजे प्रतिनिधिसभा भरली. बिशप सिनडने निवडायचा; धर्मग्रामाने आपला धर्मगुरू निवडायचा; बिशपाच्या जोडीला एक स्थायी मंडळ असायचे आणि त्यात प्रापंचिकांची संख्या धर्मगुरूंपेक्षा जास्त ठेवायची. १८७० च्या घोषणापत्रातील तिसऱ्या प्रकरणाला हे त्यांचे प्रत्युत्तर होते, आणि आम्हाला ते त्यांच्या जाहीरनाम्यांपेक्षा अधिक बोलके वाटते.

उत्रेख्तमध्ये आधीच वेगळे बिशप कसे काय होते? – नाशिक

कारण तिथली फूट दीडशे वर्षे जुनी. १७०२ मध्ये रोमने उत्रेख्तचे प्रमुख पेत्रुस कोडे यांना यान्सेनवादाच्या (देवाच्या कृपेवर टोकाचा भर देणाऱ्या, रोमला अमान्य मताच्या) संशयावरून निलंबित केले. आपला बिशप निवडण्याचा हक्क आपल्याकडेच आहे, असे तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे होते. १७२३ मध्ये त्यांनी कोर्नेलियुस स्टेनोव्हन यांना निवडले. रोमची परवानगी नसताना अभिषेक करायला कोणी तयार होईना. अखेर बॅबिलोनचे बिशप दोमिनिक व्हार्ले यांनी १५ ऑक्टोबर १७२४ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये तो केला. हे मिशनरी फ्रेंच बिशप स्वतःही रोमच्या रोषामुळे निलंबित होते. नवा बिशप लवकर वारायचा आणि व्हार्ले यांना पुन्हा बोलवावे लागायचे. १७३९ पर्यंत त्यांनी असे चार अभिषेक केले. तेव्हा डच लोकांना धडा मिळाला की एका बिशपावर परंपरा टांगून ठेवणे धोक्याचे. म्हणून त्यांनी हार्लेम (१७४२) आणि देव्हेंटर (१७५८) येथे बिशप नेमले. लोस वारले तेव्हा राइनकेन्स यांचा अभिषेक होऊ शकला, तो देव्हेंटरला बिशप होता म्हणून.

एकट्या बिशपाने केलेला अभिषेक चालतो का? – गोवा

३२५ च्या नायसिया परिषदेचा चौथा नियम किमान तीन बिशप हवेत असे सांगतो. तो नियम गुपचूप अभिषेक होऊ नयेत, शेजारच्या बिशपांची संमती दिसावी, यासाठी आहे. पाश्चात्त्य धर्मशास्त्रानुसार एका खऱ्या बिशपाने योग्य हेतूने आणि योग्य विधीने हात ठेवले तर अभिषेक वैध होतो, पण परवानगी नसल्यास तो बेकायदा ठरतो. रोमने उत्रेख्तच्या परंपरेकडे वैध पण बेकायदा याच नजरेने पाहिले. राइनकेन्स यांच्यावर पोप पायस नववे यांनी नोव्हेंबर १८७३ मध्ये बहिष्कार घातला. तो घालताना त्यांची निवड आणि अभिषेक धर्मबाह्य ठरवला.

चर्चच्या इमारती आणि मालमत्तेची वाटणी कशी झाली? – नागपूर

बाडेनने १८७४ मध्ये आणि प्रशियाने ४ जुलै १८७५ रोजी कायदा केला : ज्या धर्मग्रामात ओल्ड कॅथलिकांची संख्या लक्षणीय असेल तिथे त्यांना चर्चची इमारत आणि दफनभूमी वापरण्याचा हक्क, आणि मालमत्तेत वाटा. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात रोमने सामायिक वापराला मनाई केली. एका वेदीवर ओल्ड कॅथलिक मिस्सा झाली की रोमन कॅथलिक ती इमारत सोडून जात आणि शेजारच्या कोठारात किंवा तात्पुरत्या शेडमध्ये मिस्सा करत. गावाच्या नजरेत हुसकावले गेलेले ते ठरत आणि इमारत मिळालेले ओल्ड कॅथलिक सरकारचे हस्तक. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचा कॅथलिक चर्चशी संघर्ष चालू होता, त्यामुळे हा शिक्का घट्ट बसला. सरकारची मदत घेतली नसती तर ते टिकले नसते आणि घेतल्यामुळे ते वाढले नाहीत, असे आम्हाला वाटते. संघर्ष निवळल्यावर सरकारचा रस संपला आणि सदस्यसंख्या उतरणीला लागली.

जुना धर्म जपायला बाहेर पडलेल्यांनी पुढे ब्रह्मचर्य कसे काय रद्द केले? – कोल्हापूर

त्यांच्या मते सिद्धान्त वेगळा आणि शिस्त वेगळी. सिद्धान्ताची कसोटी त्यांनी पाचव्या शतकातील लेरिन्सच्या विन्सेंटकडून घेतली : सर्वत्र, सदैव आणि सर्वांनी मानले ते. पहिल्या सहस्रकातील अविभाजित चर्चची श्रद्धा हा पाया. ब्रह्मचर्याची सक्ती, लॅटिन भाषा, सक्तीचे पापनिवेदन या गोष्टी नंतरच्या, म्हणून बदलता येण्याजोग्या.

युक्तिवाद नीट असला तरी किंमत मोजावी लागली. जर्मन सिनडने १८७८ मध्ये ब्रह्मचर्याची सक्ती उठवली तेव्हा फ्रीडरिश आणि शुल्ट यांच्यासारखे संस्थापकच नाराज झाले. डच तर फारच सावध. म्हणूनच सर्वांचे एकत्र येणे २४ सप्टेंबर १८८९ पर्यंत लांबले. त्या दिवशी तीन डच बिशप, राइनकेन्स आणि स्वित्झर्लंडचे एदुआर्ड हेर्त्सोग या पाच जणांनी उत्रेख्तचे घोषणापत्र मान्य केले. एकमेकांच्या संमतीशिवाय कोणाचाही अभिषेक करायचा नाही, असा करारही केला. हाच उत्रेख्त संघ. डचांनी ब्रह्मचर्याची सक्ती १९२० च्या दशकात सोडली.

पुढे स्त्रियांच्या गुरुदीक्षेचा प्रश्न आला. जर्मन चर्चने १९९६ मध्ये ती सुरू केली. अमेरिकेतील पोलिश नॅशनल कॅथलिक चर्चला ते मान्य झाले नाही आणि २००३ मध्ये ते उत्रेख्त संघातून बाहेर पडले. ‘सर्वांनी मानले ते’ ही कसोटी लावायची कोणी, हा प्रश्न पोपला बाजूला सारून सुटत नाही.

गोव्याचे मार जुलियस अल्वारिस हे ओल्ड कॅथलिक होते ना? – मडगाव

नव्हते, पण धागा आहे. वेर्ण्याचे फादर आंतोनियु फ्रांसिश्कु शावियेर अल्वारिस यांचा झगडा सिद्धान्ताचा नव्हता. भारतातील कॅथलिकांवर अधिकार पोर्तुगीज पाद्रुआदोचा (पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या धर्मसंरक्षणाच्या हक्काचा) की रोमच्या प्रोपागांदाचा (मिशनांचा कारभार पाहणाऱ्या रोममधील खात्याचा), हा तो वाद. १८८६ च्या करारानंतर पाद्रुआदोखालील अनेक धर्मग्राम रोमच्या थेट अधिकाराखाली गेले आणि विरोध करणारे अडचणीत आले. अल्वारिस केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चकडे वळले आणि १८८९ मध्ये मार जुलियस या नावाने बिशप झाले. म्हणजे त्यांनीही तोच मार्ग काढला : रोमबाहेरचा पण प्रेषितीय परंपरेतला बिशप शोधणे.

धागा पुढे आहे. जोसेफ रेने विलात यांना १८८५ मध्ये बर्नला हेर्त्सोग यांनी धर्मगुरू केले होते. त्यांना अमेरिकेत बिशप व्हायचे होते आणि उत्रेख्त तयार नव्हते. तेव्हा २९ मे १८९२ रोजी कोलंबोत त्यांचा अभिषेक अल्वारिस यांनी केला. उत्रेख्तने विलात यांना कधी आपले मानले नाही. अल्वारिस १९२३ मध्ये वारले. त्यांची कबर रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहे. उडुपीजवळ ब्रह्मावर येथे त्या चळवळीतून आलेला कोकणी भाषक ऑर्थोडॉक्स समाज आजही आहे.

‘ओल्ड कॅथलिक बिशप’ म्हणवणारे एक गृहस्थ आमच्या भागात लग्ने लावतात. खरे-खोटे कसे ओळखावे? – ठाणे

नावावरून काहीच कळत नाही. १९०८ मध्ये उत्रेख्तने इंग्लंडसाठी आर्नल्ड हॅरिस मॅथ्यू यांचा अभिषेक केला. इंग्लंडमध्ये आपल्यामागे मोठा समुदाय असल्याचे मॅथ्यू यांचे म्हणणे होते. तो निघाला नाही. दोनच वर्षांत ते वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःच अनेकांना बिशप केले. त्या साखळीतून, थिऑसॉफीशी जवळीक असलेले लिबरल कॅथलिक चर्च निघाले, तसेच असंख्य छोटे गटही. विलात यांच्या साखळीचेही तेच झाले.

म्हणून तीन गोष्टी विचारा. तुमचा अभिषेक कोणी, कोठे, कोणत्या तारखेला केला? तुमचे चर्च उत्रेख्त संघाच्या आंतरराष्ट्रीय बिशप परिषदेत आहे का? तुमचे धर्मग्राम कोठे आहे आणि नोंदवह्या कोण सांभाळते? पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण लांबलचक वंशावळ दाखवतात. खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नाला होते. समुदायाशिवायचा बिशप ही उत्रेख्तलाही मान्य नसलेली गोष्ट आहे.

लग्नाचा मुद्दा वेगळा आणि अधिक निकडीचा. महाराष्ट्रात १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार बिशपाकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावू शकतो. याशिवाय सरकारी परवाना असलेले धर्मसेवक आणि विवाह निबंधक. दीक्षेबद्दल शंका असेल तर पुढे पासपोर्ट, वारसा किंवा पेन्शनच्या वेळी प्रमाणपत्रावर प्रश्न उठू शकतो. लग्नाआधी त्यांच्याकडे दीक्षेचा दाखला आणि चर्चची छापील नियमावली मागा. ती मिळाली नाही तर विवाह निबंधकासमोर लग्न नोंदवा आणि प्रार्थना नंतर हवी तिथे करा. रोमन कॅथलिक असाल तर तुमच्या धर्मग्रामाच्या फादरना आधी भेटा, कारण परवानगीशिवाय बाहेर लावलेले लग्न त्यांच्या नोंदवहीत चढत नाही.